टाकी कुठंय, जावईबापू?

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये घर भाड्याने बघायला आलेला माणूस प्रश्नांची फैर झाडतो. पॉवर बॅकअप सगळ्या घराला आहे की नुसत्या पंख्यांना? मेट्रोचं काडुगोडी स्टेशन चालत किती मिनिटं? इंटरनेट कुठल्या कंपनीचं? २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल कोरड्या पडल्या आणि टँकरवाल्यांचे भाव आकाशाला भिडले, तेव्हापासून 'पाणी कुठून येतं?' हा प्रश्नही यादीत वर आला आहे. पण आलेलं पाणी जातं कुठे, असं विचारणारा भाडेकरू मला आजवर भेटलेला नाही. येणाऱ्या पाण्याची काळजी आपण करायची, जाणारं पाणी स्वतःचं बघून घेतं, अशी आपली एकंदर श्रद्धा. फ्लशचं बटण दाबलं की विषय संपला. खरं तर विषय तिथे नुसता पत्ता बदलतो, आणि नवा पत्ता पुष्कळदा आपल्याच गाडीच्या मागच्या चाकाखाली असतो. हे आमच्या घरात उघडकीला आलं ते वाईहून सासरे आले तेव्हा.

आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जन्मभर गाड्यांच्या पोटाखाली पाठ टेकून काम केल्यामुळे कुठलीही गोष्ट खालून बघायची त्यांना सवय. आम्ही त्यांना आयटीपीएल या आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दाखवल्या, मॉल दाखवला, मेट्रोतून फिरवून आणलं. "बरं आहे," एवढंच म्हणाले. संध्याकाळी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले, फरशीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "टाकी कुठंय, जावईबापू?"

मी गच्चीकडे बोट दाखवलं.

"वरची नव्हं. खालची."

घरात कुणालाच माहीत नव्हतं. मोलकरणीला माहीत नव्हतं, वॉचमनला माहीत नव्हतं. गूगलच्या नकाशात आमच्या घरासमोरचं चाफ्याचं झाड दिसतं, पण टाकी दिसत नाही. शेवटी घरमालकांना फोन लावला. ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "फर्स्ट क्लास टँक आहे सार. घर बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही. एनू प्रॉब्लम इल्ला."

स्पीकर चालू होता. आप्पांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "इतक्या वर्षांत उपसली नाही म्हणजे ती टाकी नाहीच. तो खड्डा आहे."

इथून आमच्या घरात जे शिक्षण सुरू झालं ते जेवणाच्या वेळीच का व्हायचं, याला उत्तर नाही. आप्पांचं म्हणणं असं: टाकी असते ती पाणी धरते. चारी बाजूंनी, तळाला, पक्की बांधलेली. दिवसाला जेवढं आत आलं तेवढंच पलीकडच्या पाइपातून बाहेर गेलं पाहिजे. खड्ड्याला तळ नसतो, नाही तर दगडी लाद्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, किंवा सिमेंटच्या रिंगा एकावर एक रचून खाली मोकळं सोडलेलं असतं. आत आलेलं पाणी जमिनीत मुरतं, कुठे मुरतं ते कुणी विचारत नाही, आणि खड्डा वर्षानुवर्षं भरत नाही. मालक खूश. पुढे मातीची छिद्रं बुजत जातात आणि एक दिवस, बहुधा घरात पाहुणे असताना, खड्डा आपलं म्हणणं बाथरूमच्या जाळीतून मांडतो.

"आणि खरी टाकी काम कशी करते?" मुलाने विचारलं. त्याला शाळेत कोडिंग शिकवतात.

आप्पांनी वरणभातावर वाढलेल्या तुपाकडे बोट दाखवलं. "लोणी कढवताना बघितलंयस? फेस वर येतो, बेरी खाली बसते, मधे स्वच्छ तूप. टाकीतही तसंच. जड ते तळाला बसतं, तेलकट-हलकं ते वर तवंग होऊन तरंगतं, मधलं त्यातल्या त्यात नितळ पाणी पुढे जातं." सासूबाईंनी काही न बोलता तुपाची वाटी उचलून आत नेली. पण उदाहरण इतकं चपखल होतं की त्यानंतर मला सेप्टिक टाकी कधी समजावून सांगावी लागली नाही, आणि तूपही कधी पूर्वीच्या मनाने खाता आलं नाही.

कढवण्याची घाई तिथे नसते, एवढाच फरक. पाण्याने टाकीत निदान दिवसभर, शक्यतो दोन दिवस, शांत पडून राहावं असा हिशेब असतो. म्हणून टाकीचे दोन कप्पे करतात. पहिला मोठा, साधारण दोन तृतीयांश, दुसरा लहान. मधल्या भिंतीला भोक असतं ते ना वर ना तळाशी, बरोबर त्या नितळ थराच्या उंचीला, म्हणजे तवंग आणि गाळ दोघेही पहिल्याच खोलीत अडतात. बाहेर जाणाऱ्या पाइपाला इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा लावतात, त्याचा खालचा पाय पाण्यात बुडालेला असतो, म्हणजे वरचा तवंग चुकूनही पुढे सरकत नाही. वर हवेचा पाइप, त्याच्या तोंडाला डास अडवणारी जाळी. पुढे शोषखड्डा, त्यात विटांचे तुकडे किंवा दगडगोटे. कुठेही मोटर नाही, बटण नाही, अॅप नाही. यासाठी आय.एस. २४७० नावाचं भारतीय मानकही आहे, आणि व्हाइटफील्डमधल्या गवंड्यांनी ते वाचलेलं नाही, हे मी आमच्या पोर्चखालचा प्रकार पाहून खात्रीने सांगू शकतो.

टाकीतलं खरं काम करतात ते जिवाणू. हवा नको, उजेड नको, रजा नको, पगारवाढ नको. सबंध व्हाइटफील्डमध्ये इतकी बिनतक्रार काम करणारी दुसरी टीम नाही. मैल्याचा बराचसा भाग ते पचवून त्याचं पाणी आणि वायू करून टाकतात. जे पचत नाही ते गाळ होऊन तळाशी साठतं, आणि तो गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. बस. देखभाल म्हणून टाकीची आपल्याकडून दोनच मागण्या आहेत: वेळेवर उपसा आणि एरवी माझ्या वाटेला जाऊ नका.

आपण नेमकं उलट करतो. उपसा करायचा विसरतो आणि वाटेला मात्र रोज जातो. सकाळी कमोडमध्ये नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जंतू मारणारं निळं द्रव्य ओततो. फरशीला फिनाइल, जाळीला अॅसिड. खाली बिचारे जिवाणू पटापट मरतात. मग वास येऊ लागतो, म्हणून आपण ऑनलाइन जाऊन जिवाणूंच्या पावडरीची पुडी मागवतो आणि मेलेल्यांच्या जागी नवी भरती करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निळं द्रव्य. आमच्या शेजारच्या घरात ही भरती आणि कत्तल दोन्ही एकाच कपाटातून चालते; दोन्ही बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. त्याखेरीज ओले टिश्यू, डायपर, सॅनिटरी पॅड, दिवाळीनंतरचं चकलीचं तेल. हे पचवायला अजून कुठल्याही जिवाणूने शिक्षण घेतलेलं नाही.

पावडरीची तर गरजच नसते. आपल्या पोटातून रोज येणारी कुमक पुरेशी असते. आणि गाळ न उपसता नुसती पावडर टाकत राहिलं तर गाळ टाकीतली जागा खात जातो, पाणी दोन दिवसांऐवजी दोन तासांत पुढे पळतं, सोबत मैलाही नेतं आणि शोषखड्डा कायमचा बुजवतो. टाकी उपसायला हजारांत खर्च येतो, शोषखड्डा नवा करायला लाखाच्या घरात. शिवाय तो करायला जागा लागते, आणि ती तर व्हाइटफील्डमध्ये नाहीच.

टाकीचा शोध म्हटला तर फ्रान्समधला. वसूल नावाच्या गावी (आपल्याकडे हे नाव महसूल खात्याला शोभलं असतं) लुई मूरा या गृहस्थाने १८६० च्या सुमारास घरामागे अशी बंद टाकी बांधली, आणि बारा-एक वर्षांनी झाकण उघडून पाहतो तर अपेक्षेच्या मानाने गाळ फारच थोडा. त्याने १८८१ मध्ये पेटंट घेतलं. पुढे १८९५ मध्ये इंग्लंडातल्या एक्झेटरच्या कॅमेरॉन नावाच्या अभियंत्याने सुधारून केली तिला सेप्टिक टँक हे नाव पडलं. आपणही फार मागे नव्हतो. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात टाकीतला वायू गोळा करून कामाला लावला होता. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वस्त आणि सुटसुटीत संडासाचे प्रयोग करण्यात उमेदीची वर्षं घालवली. देहूला सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी गावाला संडास बांधायला लावले, मैल्यावर चालणारं बायोगॅसचं 'मलप्रभा' संयंत्र तयार केलं, आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठी माणसाने या विषयात घातलेलं डोकं पाहता आपण दिवाळी अंकांत त्यावर इतकं कमी का लिहितो, कळत नाही. बहुधा फराळामुळे.

व्हाइटफील्डची गंमत अशी की हे गाव मुळात शेतीसाठीच वसवलं. डी. एस. व्हाइट नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन लोकांना ३,९०० एकर जमीन दिली. त्यांनी शेती करावी, स्वतःच्या पायावर उभं राहावं, अशी कल्पना. मधोमध गोल वस्ती. तिला अजूनही इनर सर्कल म्हणतात. घरं बैठी, आवारं प्रशस्त. त्या आवारांत खड्डा काय, तळं खणलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. नव्वदच्या दशकात आयटी पार्क आलं आणि एकेका आवाराचे तीस बाय चाळीस फुटांचे तुकडे पडले. बंगळुरूत जमीन याच मापाने विकतात. घरांना उंची आली, माणसं आली, न्हाणीघरं माणशी एक झाली. २००७ मध्ये हा सगळा भाग बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत गेला, पण जमिनीखालची गटाराची लाइन तेवढी मागे राहिली.

आता तीस बाय चाळीसचं गणित करा. एका कोपऱ्यात खड्डा, समोरच्या कोपऱ्यात बोअरवेल. मुलाने पायथागोरस लावून सांगितलं: कर्ण पन्नास फूट. म्हणजे सव्वापंधरा मीटर. मानक म्हणतं, शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान अठरा मीटर लांब असावा. म्हणजे नियम पाळायचा तर दोन्हींपैकी एक शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये जायला हवं, आणि शेजाऱ्याचा खड्डा आपल्या बोअरच्या कुशीत आधीच आलेला असतो. वर आरओचं मशीन लावून आपण तेच पाणी पितो आणि वरून 'आमचं बोअरचं पाणी गोड आहे' असंही सांगतो.

आप्पांनी कान लावून निदान केलं. तळमजल्याच्या कमोडमधून वरच्या मजल्यावर फ्लश झाल्यावर डुबुक डुबुक आवाज येतो, म्हणजे आता गाडी बोलवायची. गाडीचा नंबर शोधावा लागत नाही. व्हाइटफील्डच्या प्रत्येक कंपाउंडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, बंद पडलेल्या ट्रान्सफॉर्मरवर 'पिट क्लीनिंग' आणि खाली दहा आकडे रंगवलेले असतात. रोज ऑफिसला जाताना दिसतात. पण मोबाइलमध्ये ते कुणी सेव्ह करत नाही. पिझ्झावाल्याचा नंबर असतो.

गाडी आली. मागे गोल टाकी, अंदाजे पाच-सहा हजार लिटरची. बाजूला हिरव्या, गोल वळ्यांच्या जाड पाइपाची वेटोळी. एक ड्रायव्हर, एक मदतनीस. गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी एसयूव्हीने वाट अडवलेली, त्यामुळे गाडी तिथेच उभी राहिली आणि पाइपाचे तुकडे जोडत जोडत पोर्चपर्यंत आणले. जोडाच्या प्रत्येक ठिकाणी मदतनिसाने रबराची पट्टी करकचून आवळली. पट्टी सैल राहिली तर काय होतं हे त्याने हाताच्या हालचालीने दाखवलं, आणि आमच्या बघ्यांची रांग तीन पावलं मागे सरली. मग झाकणाचा शोध. पहारीने फरशी ठोकत ठोकत त्याने आवाज ऐकला. ठक ठक ठक, आणि एके ठिकाणी ढब्ब. झाकणावर मालकांनी इटालियन टाइल बसवली होती. ती फुटली. एका टाइलमागे मालक किती लावतील याचा हिशेब मी करत होतो तेवढ्यात वास आला आणि हिशेब आपोआप थांबला.

आप्पा मात्र रंगात आले होते. त्यांना कन्नड येत नाही, ड्रायव्हरला मराठी येत नाही. पण इंजिनावरून पट्टा कसा घेतलाय, व्हॅक्यूम पंप टाकीतली हवा कशी ओढतो, मग मैला आपोआप कसा धावतो, झडप कधी उलटी फिरवायची, यावर दोघांची अर्धा तास सविस्तर चर्चा झाली. भाषा फक्त नट-बोल्टांची. मधेच ड्रायव्हरने कानावरची विडी काढली, तशी आप्पांनी त्याच्या हातावर चापट मारली. उघड्या टाकीच्या तोंडाशी मिथेन असतो. विडी पुन्हा कानावर गेली. शेवटी तळाला थोडा गाळ राहिला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आतून आवाज दिला, "सगळं स्वच्छ धुऊन घ्या म्हणावं!" आप्पा म्हणाले, "अजिबात नाही." थोडा गाळ ठेवायचाच असतो, पुढच्या जिवाणूंचं बियाणं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट अर्धवट साफ ठेवणंच शास्त्रशुद्ध आहे, हे घरात सगळ्यांसमोर सिद्ध झालं. मी ते वाक्य पुढे माझ्या कपाटासाठी वापरून पाहिलं. चाललं नाही.

जाताना आप्पांनी खुणेने विचारलं, हे कुठे? ड्रायव्हरने पूर्वेकडे हात केला. "दूर, सार. दूर." हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच निघाला, आणि दोन्ही भाषांत तितकाच मोघम.

काही गाड्या खरंच शेतावर जातात. बंगळुरूच्या आसपासचे शेतकरी खड्ड्यात मैला साठवून, महिनोन्महिने वाळवून, त्याचं खत केळीला-नारळाला घालत आले आहेत. अभ्यासकांनी या गाड्यांना हनीसकर म्हटलं आणि त्यांच्या धंद्यावर प्रबंध लिहिले. शेतीसाठी म्हणून वसवलेल्या व्हाइटफील्डचं शेतीला आजचं योगदान एवढंच, आणि तेही टँकरने. विमानतळाच्या वाटेवर देवनहळ्ळीला २०१५ मध्ये मैला-गाळ शुद्ध करण्याचं केंद्र सुरू झालं. गावासाठी असं केंद्र देशात पहिलंच. दिवसाला सहा हजार लिटर. म्हणजे आमच्याकडे आली तशी एक गाडी आणि पाटी: आजचा कोटा संपला.

बाकीच्या गाड्या रात्री जातात. बंगळुरूत राजकालुवे म्हणून जुने पावसाळी ओढे आहेत, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पाणी नेणारे. आमच्या बाजूचे ते बेळंदूरला आणि तिथून वर्तूरला मिळतात. आता त्यांना सगळं मिळतं. बेळंदूर तळ्याला २०१५ मध्ये आग लागली, २०१७ मध्ये लागली, २०१८ मध्ये लागली तेव्हा विझवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. पाण्याला आग लागते हे पुराणात वाचलं होतं, इथे बातम्यांत पाहिलं. वर्तूरच्या कोडीवर, म्हणजे तळ्याच्या सांडव्यावर, साबणाचा फेस इतका चढायचा की वाऱ्याबरोबर उडून दुचाकीवाल्यांच्या हेल्मेटवर बसायचा. तो अडवायला जाळ्या लावल्या होत्या. तिथून पाणी दक्षिण पिनाकिनीला आणि पुढे तमिळनाडूत. दूर, सार. दूर.

"मग फ्लॅटवाल्यांचं बरं," असं तुम्ही म्हणाल. त्यांचं वेगळं आहे. जिथे लाइन नाही तिथल्या मोठ्या संकुलांना स्वतःचा सांडपाणी प्रकल्प सक्तीचा, त्याला सगळे एसटीपी म्हणतात. आमच्या समोरच्या टॉवरमध्ये तो तळघरात, पार्किंगच्या दुसऱ्या मजल्याखाली. इथले जिवाणू हवेवर जगणारे, म्हणून रात्रंदिवस ब्लोअरने त्यांना हवा फुंकावी लागते. ब्लोअरचा आवाज येतो म्हणून पहिल्या मजल्यावरची मंडळी रात्री तो बंद करायला लावतात. पहाटेपर्यंत जिवाणू गुदमरतात. सकाळी वास येतो. मग तीच मंडळी व्हॉट्सअॅपवर लिहितात: कमिटी काय करतेय?

कमिटी एक काचेचं नळकांडं घेऊन बसलेली असते. एक लिटर मातकट पाणी, अर्धा तास थांबायचं, गाळ किती खाली बसला ते बघायचं. समोरच्या टॉवरचे सेक्रेटरी एका अमेरिकन बँकेत रोज कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे करतात. पण त्यांची छाती धडधडते ती या अर्ध्या तासात. गाळ छान बसला की त्याचा फोटो ग्रुपवर टाकतात, वर अभिनंदनाचे अंगठे येतात. शुद्ध झालेलं पाणी वेगळ्या पाइपाने फ्लशला परत येतं. ते किंचित पिवळसर असतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, आधीच्या माणसाने फ्लशच केलं नाही. ते करतात. पुन्हा पिवळं. पुन्हा करतात. या एका गैरसमजात पाण्याची जेवढी उधळण होते तेवढी बागेतही होत नसेल.

बंगळुरूचं शुद्ध केलेलं सांडपाणी २०१८ पासून पंपाने कोलार जिल्ह्यातल्या तळ्यांत सोडतात, दिवसाला ४४ कोटी लिटरची योजना. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. शतकभर तिथून सोनं आलं, आता इकडून हे जातं. परतफेडीला उशीर झाला खरा, पण तिथले शेतकरी विहिरींना पाणी वाढलं म्हणतात. त्या पाण्याच्या शुद्धतेवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. दोन्ही बाजू खऱ्या असतील.

आप्पांना या सगळ्याचं नवल वाटलं नाही, राग आला. कारण त्यांच्या वाईत हे होत नाही. चाळीस हजाराच्या आतबाहेरचं गाव, कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचं कार्यालय. ज्या गावात विश्वकोश तयार झाला त्याला मैल्याचीही नोंद ठेवता येते. तिथे २०१८ च्या सुमारास नगरपालिकेने एक साधी गोष्ट केली: टाकी भरली की गाडी बोलवा, असं न म्हणता गाडीच वॉर्डवॉर्डाने पाठवायची. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी, डुबुक होवो न होवो. खर्च करातून. उपसलेला गाळ गावाच्याच केंद्रावर, दिवसाला सत्तर हजार लिटरची सोय. नाशिकच्या सिन्नरनेही तेच केलं. आप्पा सांगतात, पहिल्यांदा गाडी दारात आली तेव्हा लोकांना संशय आला. न बोलावता सरकारी माणूस दारात आला की वाईकर आधी दार लावून घेतो. आता तारीख विचारतात.

देवनहळ्ळीची सहा हजार आणि वाईची सत्तर हजार हे आकडे आप्पा आता लग्नाकार्यातही सांगतात. आमच्या घरमालकांनाही सांगितले. ते म्हणाले, "यूजीडी येतेय सार. नेक्स्ट इयर." कावेरीच्या पाणीयोजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, पाइप दारापर्यंत आले, त्यामागून यूजीडी, म्हणजे जमिनीखालची गटाराची लाइन, येतेय म्हणून रस्ता खणलेला आहे. तो खणलेलाच असतो, त्यामुळे येणार यावर अविश्वास दाखवायलाही जागा नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आमच्याकडे गाडी आली त्या दिवशी पाइप तळाला पोचेना तेव्हा मदतनीस टाकीत उतरायची तयारी करू लागला. कमरेला दोर नाही, तोंडाला काही नाही. आप्पांनी त्याचा दंड धरून बाजूला केला. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं. तिथेच माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही. बंगळुरूत अपार्टमेंटच्या एसटीपीतही अशी माणसं गेली आहेत. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जो उतरवतो त्याला, उतरणाऱ्याला नव्हे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. 'थोडं उतरून बघ ना' असं म्हणणाऱ्या घरमालकाने हा आकडा पाठ करावा. मदतनिसाने मग लांब बांबूने गाळ ढवळला, पाणी सोडलं, पातळ झाला तसा पाइपाने ओढला. पंधरा मिनिटं जास्त लागली.

तेव्हा तुमच्या घराला टाकी असेल तर मागच्या उपशाची तारीख मीटरच्या डब्यात खडूने लिहून ठेवा, झाकणावर टाइल लावू नका, निळ्या बाटलीचा हात आखडता घ्या, आणि तीन वर्षं झाली की आवाजाची वाट न बघता भिंतीवरचा नंबर फिरवा. आमच्या गल्लीत एका खेपेचे तीन हजार घेतात. छत्तीस महिन्यांत वाटले तर महिन्याला त्र्याऐंशी रुपये पडतात. व्हाइटफील्डमध्ये एवढ्यात कॅपुचिनो येत नाही.